बोटीवर इन्व्हर्टर-चार्जर, आणि एक उसना न्यूट्रल : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

जुना चार्जर आणि त्याच्या शेजारचा छोटा इन्व्हर्टर, दोन्ही उतरवले. चार्जर २० अँपिअरचा. समोर २०० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) बॅटऱ्या पॅरललमध्ये, म्हणजे एकूण ४००. अर्ध्यावर उतरल्या की त्यांना पुन्हा भरायला त्याला दिवस पुरत नसे.

आता दोघांच्या जागी एकच पेटी. १२ व्होल्ट, २००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), चार्जिंग ८० अँपिअर, ट्रान्सफर रिले (विजेचा उगम आपोआप बदलणारा स्विच) आतच. धक्क्यावरची वीज जोडलेली असेल तर ती तशीच पुढे सोडायची आणि बॅटऱ्या भरायच्या. वीज गेली की २० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवरून २३० व्होल्ट द्यायचे. ८० अँपिअर म्हणजे बँकेच्या (दोन्ही बॅटऱ्या मिळून) २० टक्के, एजीएमला हे मानवतं.

२००० हा आकडा व्हीएचा आहे. वॅटचा आकडा पुस्तिकेत आत कुठेतरी बारीक टाइपात सापडतो: २५ अंशांना १६००, ४० अंशांना १४००. बंद कप्प्यात भर दुपारी ४० अंश सहज होतात. मी १४०० धरूनच चाललोय.

५ ऑक्टोबर

जागा ठरवण्यात दिवस गेला. इंजिनाच्या कप्प्यात जागा आहे, पण उष्णताही तिथेच आहे. बॅटऱ्यांच्या बरोबर वर भिंत मोकळी आहे, तीही नको. एजीएम एरवी वायू सोडत नाही, पण जास्त चार्ज झाली की झडप उघडते आणि जे बाहेर पडतं ते थेट पेटीच्या पंख्याकडे ओढलं जातं. शेवटी बॅटरीच्या कप्प्याच्या पलीकडची आडवी भिंत नक्की केली. तळाच्या पाण्यापासून उंच, वरून हॅचचं पाणी टपकणार नाही अशी, आणि बॅटरीपासून केबलच्या मापाने दोनच मीटर.

पेटी वीस किलोच्या आसपास. भिंतीचं प्लाय ९ मिलिमीटरचं. नुसत्या स्क्रूंवर टांगली तर पहिल्याच लाटेत खाली येईल. मागून १८ मिलिमीटरची मरीन प्लायची पाटी देऊन आरपार बोल्ट टाकले. वरखाली दहा-दहा सेंटिमीटर मोकळे सोडले.

८ ऑक्टोबर

केबलचा हिशोब. केबल मात्र जास्तीत जास्त भाराला पुरायला हवी, म्हणून बाहेर १६०० वॅट, कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत सुमारे १७८० वॅट लागणार. भाराखाली बॅटरी ११.८ वर आली तर करंट १५० अँपिअर. तेच काम २३० व्होल्टच्या बाजूला फक्त ७ अँपिअरमध्ये होतं. म्हणून बोटीवरच्या इन्व्हर्टरच्या बहुतेक कटकटी १२ व्होल्टच्या बाजूला जन्म घेतात. लोक मात्र २३० ला घाबरतात आणि १२ व्होल्टला खेळणं समजतात.

७० चौरस मिलिमीटरची टिनचा मुलामा असलेली तांब्याची केबल, जाऊन-येऊन ४ मीटर. रोध १ मिलिओहम, म्हणजे १५० अँपिअरला ०.१५ व्होल्ट गळती. ५० ची घेतली असती तर ०.२१, तेही चाललं असतं, पण मग तिच्यावर २५० चा फ्यूज ठेवायला हात धजला नसता. फ्यूज असतो तो केबल वाचवायला, यंत्र वाचवायला नव्हे.

फ्यूज क्लास-टी, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. साधा पट्टीचा फ्यूजही २५० चा मिळतो, पण प्रश्न २५० चा नसतोच. प्रश्न असतो शॉर्ट झाल्यावर बॅटऱ्या जे हजारो अँपिअर ओततात, ते तोडताना फ्यूज स्वतः शाबूत राहतो की त्याच्या आत आर्क पेटून राहते. क्लास-टी २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो.

आणखी एक केबल बहुतेक ठिकाणी विसरलेली दिसते: पेटीच्या धातूच्या कवचापासून बोटीच्या डीसी अर्थपर्यंतची. आत कधी पॉझिटिव्ह कवचाला टेकला, तर २५० चा फ्यूज उडेपर्यंतचा सगळा करंट या तारेतून जाणार. तिथे अडीच चौरस मिलिमीटरची हिरवी तार लावली तर फ्यूजच्या आधी तीच पेटेल. मी ५० ची घातली.

१२ ऑक्टोबर

केबलच्या टोकांना लग (बोल्टखाली अडकवायची तांब्याची टोकं) दाबले. हायड्रॉलिक क्रिंपर, षटकोनी डाय. पहिला लग मुद्दाम टाकाऊ तुकड्यावर दाबला आणि हॅकसॉने मधोमध कापला. कापलेल्या तोंडावर कानस फिरवल्यावर तारा वेगवेगळ्या ओळखू येत नव्हत्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घट्ट बसलेली एकसंध जाळी, मध्ये कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. काळा ठिपका म्हणजे हवा, आणि समुद्रावर हवा म्हणजे मीठ. डाय योग्य आहे याची खात्री पटल्यावर बाकीचे दाबले, वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी.

पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून घेतलाय. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतले की जवळची जास्त राबते आणि लवकर मरते.

१३ ऑक्टोबर

पहिल्यांदा बॅटरी जोडली. पेटीच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात आणि ते रिकामे असतात. थेट स्विच टाकला तर एक जोरदार ठिणगी, आणि स्विचच्या संपर्कावर कायमचा डाग. त्यामुळे मुख्य स्विचच्या दोन टोकांना समांतर २१ वॅटचा गाडीचा ब्रेक लाइटचा दिवा लावला. दिवा लख्ख पेटला, मग पिवळा, मग तांबूस, मग विझला. विझल्यावर स्विच टाकला, आवाजसुद्धा नाही. त्याआधी मीटरने पोलॅरिटी पाहिली होती, कारण इथे उलटसुलट झालं तर दुसरी संधी नसते.

१५ ऑक्टोबर

एसी पॅनेलची फाळणी. आतापर्यंत सगळ्या बोटीचा एकच फेज बसबार (अनेक तारा जोडायची धातूची पट्टी), एकच न्यूट्रल, म्हणजे परतीच्या तारांचा बसबार, आणि सुरुवातीला एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच). आता दोन कुटुंबं. इन्व्हर्टरच्या आधी: फक्त पाण्याचा गीझर, १२०० वॅट, कारण तो बॅटरीवर चालवणं म्हणजे बँक रिकामी करण्याचा सोपा मार्ग. इन्व्हर्टरच्या नंतर: केबिनमधली आणि ओट्याजवळची सॉकेट्स. दोन्हींचे न्यूट्रल बसबार वेगळे. अर्थ मात्र सगळ्यांचा एकच.

न्यूट्रल वेगळे का, हे लिहून ठेवतो, कारण पुढच्या मालकाला कोणीतरी विचारणारच. धक्क्यावरून वीज येते तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ किनाऱ्यावर मारलेली असते, बोटीवर ती असता कामा नये. इन्व्हर्टर स्वतः वीज बनवतो तेव्हा तोच उगम असतो, म्हणून गाठ त्याच्या आत लागते. एक छोटा रिले हे करतो: बॅटरीवर चालताना गाठ मारतो, धक्क्याची वीज आत घेताना सोडतो. ही गाठ नसेल तर बॅटरीवर चालताना फेज कवचाला टेकला तरी करंटला परतीची वाट नसते आणि आरसीडी ढिम्म बसून राहतो.

इन्व्हर्टरच्या पुढचा दुसरा आरसीडी अजून यायचाय. टाइप-ए मागवलाय, कारण हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक भारांची गळती शुद्ध एसी नसते आणि जुना टाइप-एसी तिच्याकडे काणाडोळा करू शकतो. तो येईपर्यंत इन्व्हर्टरवर चाचणीपुरताच भार, तोही मी समोर असताना.

१६ ऑक्टोबर

भाराची चाचणी, सकाळच्या गारव्यात. १५०० वॅटची हीट गन हाताशीच होती. सुरू केली, दहा सेकंदांत लो-बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी काठोकाठ भरलेली!

पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो, पेटी सदोष आली. पेटीला हात न लावता मीटर घेतला. गन चालू ठेवून बॅटरीच्या खांबांवर मोजलं: १२.२१. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर: ११.०८. म्हणजे बॅटरी ठीक, आणि पेटी सांगतेय तेही खरं. १.१३ व्होल्ट वाटेत गळतायत.

मग एकेक तुकडा. मीटर मिलिव्होल्टवर, एक टोक या बाजूला, दुसरं त्या बाजूला, भार चालूच. शंटवर (करंट मोजायच्या ठरावीक रोधाच्या तुकड्यावर) १५ मिलिव्होल्ट. शंट ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्टचा, म्हणजे करंट १५०, हिशोबाशी जुळतं. फ्यूज ४५. मुख्य स्विच ३०. दोन्ही केबल प्रत्येकी ७५. बॅटरीकडचा सांधा १०. बेरीज पाव व्होल्ट. उरलेले ०.८८ व्होल्ट एकाच ठिकाणी सापडले: जुन्या निगेटिव्ह बसबारवर, जिथून शंटची पट्टी निघते.

०.८८ गुणिले १५० म्हणजे जवळपास १३० वॅट, एका नटाखाली. बोट लावलं ते झटकन मागे घेतलं. थंड झाल्यावर नट सोडला. लग आणि बसबार यांच्या मध्ये स्टेनलेसचा वॉशर होता, आणि वॉशरच्या दोन्ही अंगांना हिरवट-काळा थर. पट्टीचा जुना लग जांभळट झालेला, त्याच्या गळ्याशी इन्सुलेशन किंचित फुगलेलं. स्टेनलेस तांब्यापेक्षा चाळीसेक पट वाईट वाहक. वॉशरची जागा लगच्या वर, नटाखाली. तांब्याला तांबं थेट टेकलं पाहिजे. २० अँपिअरच्या जुन्या यंत्राने ही गोष्ट वर्षानुवर्षं उघडकीस येऊ दिली नव्हती.

बसबार घासून चकचकीत केला, लग नवा, वॉशर वर, टॉर्क रेंचने आवळलं. पुन्हा गन: इन्व्हर्टरवर ११.९६. मीटर एसी रेंजवर ठेवून डीसी टर्मिनलवरची रिपलही (व्होल्टेजमधली लहर) पाहिली, आधी ०.९ होती, आता ०.३. ५० हर्ट्झचा इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सलग न ओढता सेकंदाला १०० हिसके देऊन ओढतो, म्हणून वाईट सांधा इथेही चुगली करतो.

१९ ऑक्टोबर

धक्क्याची वीज जोडली. आरसीडी खाडकन पडला. उचलला, पुन्हा पडला.

२० ऑक्टोबर

आज घाई न करता लक्षणं लिहून काढली.

पेटीचा स्विच ‘फक्त चार्जर’वर ठेवून वीज जोडली: पडत नाही. चार्जिंग व्यवस्थित सुरू होतं.
पेटी ‘ऑन’, म्हणजे इन्व्हर्टर चालू असताना जोडली: त्याच क्षणी पडतो.
गीझरचा एमसीबी (त्याचा वेगळा ब्रेकर) पाडून ठेवला आणि इन्व्हर्टर चालू असताना जोडली: पडत नाही.
मग, वीज आत आल्यावर, गीझर लावला: पडत नाही. पाणीही तापतं.

म्हणजे गीझर असेल तर पडतो, पण तो चालत असताना पडत नाही. फक्त जोडण्याच्या क्षणी, आणि तेही इन्व्हर्टर चालू असेल तरच.

बोटीवर आरसीडी पडला की पहिला संशयित गीझरच असतो. एलिमेंटच्या कवचाला बारीक चीर जाते, पाणी शिरतं, गळती सुरू होते. एलिमेंटच्या तारा सोडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासलं. साठ मेगाओहमच्या वर. एलिमेंट निर्दोष. (इन्व्हर्टर जोडलेला असताना मेगर कधीही नाही, ५०० व्होल्टनी त्याच्या आतलं काय काय जाईल सांगता येत नाही.)

रात्री वायरमनकाकांना फोन केला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस. फेज सगळेच बघतात. गीझरचा न्यूट्रल बघितलास का?”

“बघितला की काका, निळी तार इन्व्हर्टरच्या आधीच्या बसबारवरच आहे. मीच लावलीय.”

“तार लागलीय रे. तिच्यातून करंट जातोय का?”

२१ ऑक्टोबर

क्लॅम्प मीटर, तारेभोवती नुसता चिमटा लावून करंट मोजणारा. धक्क्याच्या विजेवर गीझर लावला. पॅनेलमध्ये फक्त फेजच्या तारेभोवती क्लॅम्प: ५.२ अँपिअर, १२०० वॅटला बरोबर. मग अख्ख्या तीन-पदरी केबलभोवती. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, इथे शून्य यायला हवं.

५.२ आलं. फक्त निळ्या तारेभोवती: शून्य.

काकांना नुसता फोटो पाठवला.

तार तिच्या जागी आहे, पण ती कुठेच जात नाही. गीझरला लागणारा न्यूट्रल दुसरीकडून परत येतोय. वीज बंद करून, धक्क्याचा प्लग काढून, इन्व्हर्टर बंद करून केबलचा माग काढत गेलो. कपाटाच्या मागे, जिथे हात जेमतेम कोपरापर्यंत जातो, तिथे एक जंक्शन बॉक्स. पॅनेलकडून आलेली निळी तार आत कापलेली, टोकाला टेप. तारेचं तांबं टेपखाली हिरवंगार सडलेलं. कधीतरी ती तुटली असणार, आणि ज्याने दुरुस्त केलं त्याने नवी केबल ओढण्याऐवजी शेजारून जाणाऱ्या सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये गीझरचा न्यूट्रल घुसवला. उसना न्यूट्रल. तेव्हा सगळ्या बोटीला एकच न्यूट्रल बसबार आणि एकच आरसीडी होता, करंट कुठूनही गेला तरी त्याच दारातून परत यायचा. म्हणून कधी काही पडलं नाही.

आता चित्र स्पष्ट. सॉकेट्स इन्व्हर्टरच्या पुढच्या बसबारवर गेली, त्यांच्या पाठोपाठ गीझरचा न्यूट्रलही गुपचूप तिकडे गेला. इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या आतला रिले त्या न्यूट्रलला अर्थशी बांधून ठेवतो. अशात धक्क्याची वीज आली की तिचा फेज गीझरच्या एलिमेंटमधून सॉकेटच्या न्यूट्रलवर, तिथून पेटीतल्या गाठीवरून अर्थमध्ये. ५.२ अँपिअर थेट अर्थला, आणि आरसीडीला ३० मिलिअँपिअर पुरतात. ‘फक्त चार्जर’वर गाठ नसते, म्हणून पडत नाही. वीज आत घेतल्यावर गाठ सुटते आणि दोन्ही न्यूट्रल पेटीतून एक होतात, म्हणून गीझर सुखेनैव चालतो. चारही लक्षणं एका निळ्या तारेने सुटली.

दुसरा आरसीडी आधी आला असता तर गीझर लावला रे लावला की तो पडला असता आणि शोध लवकर लागला असता.

२३ ऑक्टोबर

जंक्शन बॉक्स निकालात काढला. गीझरला पॅनेलपासून एलिमेंटपर्यंत अखंड नवी तीन-पदरी केबल, बारीक तारांची, प्रत्येक टोकाला पिन लग. एकेरी जाड तारेची घरगुती केबल बोटीच्या थरथरीत टर्मिनलपाशी तुटते. अख्ख्या केबलभोवती क्लॅम्प: ०.००. इन्व्हर्टर चालू, गीझर चालू, प्लग जोडला. काही पडलं नाही.

मग सॉकेटची प्रत्येक जोडी एकेक करून क्लॅम्पखाली. आणखी उसनवारी नाही.

२६ ऑक्टोबर

दुसरा आरसीडी आला, बसवला. टेस्टचं बटण दाबलं, पडला. पण बटणावर फार विश्वास टाकू नये. ते आरसीडीच्या आतच फेज-न्यूट्रलमध्ये एक रोध जोडतं, अर्थचा त्यात संबंधच येत नाही. पेटीतली गाठ नसली तरी बटण उत्तीर्ण होतं. गाठ वेगळी तपासावी लागते. बॅटरीवर चालताना सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ शून्य व्होल्ट आणि फेज ते अर्थ २३०. दोन्ही आले. धक्क्याच्या विजेवर न्यूट्रल ते अर्थ सव्वा व्होल्ट, म्हणजे गाठ सुटलीय आणि खरी गाठ दूर किनाऱ्यावर आहे.

२७ ऑक्टोबर

चार्जर १४.४ ला पोचत नाही, १४.१६ वर थांबतो. पाच मिनिटं डोकं खाजवलं, मग बॅटरीवरचं तापमान पाहिलं: ३५ अंश. सेन्सर दर अंशाला २४ मिलिव्होल्ट कापतो, २५ च्या वर दहा अंश म्हणजे ०.२४. यंत्र बरोबर आहे.

२ नोव्हेंबर

इनपुट करंटची मर्यादा. इथल्या धक्क्यावरच्या विजेच्या खांबावर १० अँपिअरचा एमसीबी. चार्जर पूर्ण जोरात असला की साडेपाच-सहा अँपिअर घेतो, गीझर ५.२. दोन्ही मिळून खांबावरचा एमसीबी पडतो, आणि तो उचलायला रात्री धक्क्यावर जावं लागतं. पेटीत मर्यादा घालता येते, पण तिला फक्त स्वतःमधून जाणारा करंट दिसतो. गीझर तिच्या आधी आहे, त्याचा पत्ताच तिला नाही. म्हणून १० मधून गीझर वजा करून मर्यादा ४.५ वर ठेवली. सॉकेटवर काही लावलं की ती चार्जिंग आपणहून कमी करते. बॅटऱ्यांना ८० ऐवजी ६०-६५ अँपिअर मिळतात, तेवढा धीर धरता येतो. गीझर बंद असेल तेव्हा मर्यादा वाढवायची, हे पॅनेलच्या दाराच्या आत लिहून चिकटवलं.

९ नोव्हेंबर

चार तास इंजिन चालवून आल्यावर १२ व्होल्टचे सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचखाली घेतले. फ्यूजच्या एका बाजूचा पाव फेरा सरकला, बाकी जागच्या जागी. नव्या लगचं तांबं दाबाखाली थोडं बसतं, त्यामुळे पहिल्या फेरीनंतर हे करायलाच हवं.

गॅल्व्हॅनिक आयसोलेटर राहिलाय. चार्जर आता धक्क्याला दिवसचे दिवस जोडलेला राहणार, म्हणजे अर्थच्या तारेवाटे बोट शेजारच्या सगळ्या बोटींशी धातूने जोडलेली राहणार, आणि त्याची किंमत माझ्या बुडाखालचा झिंक (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा) चुकवणार. आयसोलेटरमधले डायोड व्होल्टभराची ती कुरतड अडवतात आणि खऱ्या फॉल्टचा करंट मात्र जाऊ देतात. तो प्लगच्या इनलेटपासून आत येणाऱ्या अर्थच्या तारेत, बाकी सगळ्याच्या आधी बसेल. निकामी झाला तरी अर्थ तुटणार नाही अशा प्रकारचा शोधतोय. तोवर बोटीवर कोणी नसेल तर प्लग काढून ठेवायचा.